माप आणि माया

मनुष्याच्या वेषाविषयीं गंभीरपणें लिहिणें म्हणजे थिल्लर विषयावर शाई खर्च करणें होय, अशी समजूत विद्वान् म्हणविणाऱ्या मंडळींत बरीच रूढ आहे. कार्लाइलनें १८३३-३४ सालीं 'फ्रेझर्स मॅगझीन' या मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाला 'सार्टर रीसार्टस', म्हणजे शिंप्याचीच पुन्हा शिवण, असें नांव दिलें. त्यांत वस्त्रांच्या तत्त्वज्ञानाची थट्टा करतां करतां मनुष्याच्या सर्व संस्था ह्याहि एक प्रकारचीं वस्त्रेंच आहेत असें त्यानें प्रतिपादन केलें. ही गोष्ट वरील मंडळी विसरतात. आम्हांस तर असें वाटतें कीं, एखादा समाज आपल्यापैकीं कोणाला हिशेबांत धरतो व कोणाला धरीत नाहीं हें पाहावयाचें असेल, तर त्याचे कायदे वाचण्याच्या आधीं त्याच्या कपड्यांच्या दुकानांत जाऊन यावें.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत वेषकल्पकांच्या जगांत दोन शब्दांचा मोठा बोलबाला झाला आहे. एक 'सर्वसमावेशक' आणि दुसरा 'लिंगनिरपेक्ष'. कृश वा स्थूल, ठेंगण्या वा उंच, अशा कोणत्याहि बांध्याच्या मनुष्याला दुकानांतून रिकाम्या हातांनीं परत जावें लागूं नये, हा पहिल्या शब्दाचा आशय. आणि अमुक वस्त्र पुरुषाचें व अमुक स्त्रीचें अशी भिंत वस्त्रांत असूं नये, ज्याला जें रुचेल व सोसेल तें त्यानें ल्यावें, हा दुसऱ्याचा. दोन्ही हेतु स्तुत्य आहेत, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु हेतूची वाहवा करणारे पुष्कळ असतात. कृति त्या हेतूला उतरते कीं नाहीं हें पाहणें एवढेंच काम टीकाकाराच्या वांट्याला येतें, आणि तेंच येथें करण्याचा आमचा विचार आहे.

हा प्रश्न परदेशांतील श्रीमंतांच्या चैनीचा आहे, असें समजून कोणी हें पान उलटूं नये. तो आमच्या वाचकांच्या घरांतहि आलेला आहे. मुलगी दुकानांतील त्या अरुंद आरशाच्या खोलींत जाते, एकामागून एक चार विजारी चढवून पाहते, आणि चारींपैकीं एकहि कंबरेला नीट बसत नाहीं तेव्हां ती विजारीला नांवें ठेवीत नाहीं. स्वतःच्या अंगाला ठेवते. मुलाला फुलांच्या छापाचा सदरा आवडतो, आणि 'बायकी दिसतो' एवढ्या दोन शब्दांनीं तो जागच्या जागीं परत ठेवला जातो. चूक बेताची असते, पण लाज मात्र देहाला सोसावी लागते. ही लाज पुष्कळांच्या बाबतींत जन्मभर पुरते. तेव्हां ती कोठून येते हें शोधणें व्यर्थ होणार नाहीं.

आधीं मापाचा विचार करूं. आज कपड्याच्या गळपट्टीवर जो आंकडा किंवा जें अक्षर असतें, तें जणूं निसर्गानेंच ठरवून दिलेलें आहे अशा श्रद्धेनें आपण वाचतों. वस्तुतः त्याचा इतिहास फार जुना नाहीं. १९३९ व १९४० या दोन वर्षांत अमेरिकेच्या शेतकी खात्यानें सुमारें १५ हजार स्त्रियांचीं मापें घेतलीं. प्रत्येकीच्या अंगावर जवळजवळ साठ ठिकाणीं फीत लावली. आणि रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांनीं त्या सामग्रीवरून तयार केलेला ग्रंथ १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. परिश्रम खरोखर प्रचंड होते. परंतु गौरवर्णी स्त्रियांखेरीज इतरांचीं मापें या हिशेबांत धरलीं गेलीं नाहींत, ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. पुढें याच सामग्रीच्या आधारें १९५८ सालीं तयार कपड्यांचें एक मानक ठरलें. त्यांत प्रत्येक आंकड्याखालीं उंचीचे तीन आणि नितंबांच्या घेराचे तीन असे पोटप्रकार मानून कांहीं उदारपणाहि दाखविला होता. पण एवढा पसारा कोणत्या दुकानदारानें मांडावा? आंकडे राहिले आणि उदारपणा गळाला. हळूहळू प्रत्येक कारखानदार आपापल्या सोयीचे आंकडे लावूं लागला. आणि १९८३ सालीं तें मानकच मागें घेण्यांत आलें. एका दुकानांत 'मध्यम' ठरलेला देह शेजारच्या दुकानांत 'मोठा' ठरतो, याचें मर्म हें आहे. मुलगी ज्या आंकड्यापायीं रडते, तो आंकडा खुद्द व्यापाऱ्यांनाहि एकमतानें सांगतां येत नाहीं.

याहून एक खोल दोष सरासरीच्या कल्पनेंतच आहे. अमेरिकेच्या हवाई दलांतील गिल्बर्ट डॅनियल्स नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें ४,०६३ वैमानिकांचीं मापें तपासलीं आणि १९५२ सालीं आपला अहवाल सादर केला. पोषाखाला आवश्यक अशीं दहा मापें त्यानें निवडलीं, आणि या दहाहि मापांत सरासरीच्या आसपास बसणारे वैमानिक किती आहेत हें मोजलें. उत्तर आलें: एकहि नाहीं. ज्याची छाती सरासरी त्याचा हात लांब, ज्याचा हात सरासरी त्याची मांडी आंखूड. म्हणजे ज्या 'सामान्य' मनुष्यासाठीं सर्व कांहीं बेतलें जात होतें, तो मनुष्य त्या चार हजारांत जन्मालाच आला नव्हता. या विचारसरणीचा परिणाम असा झाला कीं, वैमानिकाची बैठक, पायाखालील पट्ट्या, शिरस्त्राणाचे बंद हे सर्व पुढेंमागें सरकविण्याजोगे करण्यांत आले. देह ठराविक जागेंत कोंबण्याचा हट्ट सोडून जागाच देहाप्रमाणें हलती केली गेली. युद्धशास्त्राला जें समजलें तें वेषशास्त्राला अद्याप पुरतें समजलेलें नाहीं.

कारण कारखान्याची रीत वेगळी आहे. तेथें आधीं एका ठराविक, बहुधा कृश, बांध्यावर नमुना बेततात. तो मनासारखा उतरला कीं ठरलेल्या प्रमाणानें तो वाढवीत वाढवीत पुढचे आकार काढतात. पण मनुष्याचा देह असा सर्व बाजूंनीं सारखा फुगत नाहीं. पोट सुटलें म्हणून खांदे रुंद होत नाहींत. मांड्या भरल्या म्हणून पाय लांब होत नाहींत. म्हणूनच स्थूल मनुष्याचा तयार सदरा पोटावर बसला तर खांद्यावरून ओघळतो, आणि बाहींत आणखी एक हात मावेल अशी त्याची तऱ्हा होते. अशा सदऱ्यावर मोठा आंकडा छापला म्हणजे सर्वसमावेशकता साधली, असें जाहिरातवाले म्हणतात. आम्ही त्याला फक्त मोठा सदरा म्हणतों. कांहीं दुकानांतून तर एकाच ढगळ वस्त्रावर 'सर्वांना येणारें' अशी चिठ्ठी लावलेली असते. तें कृशाला गोणपाटासारखें लोंबतें आणि स्थूलाच्या दंडाला काचतें. सर्वांना येणारें म्हणून कोणालाच न येणारें, अशी त्याची गत होते.

आतां दुसऱ्या शब्दाकडे वळूं. लिंगनिरपेक्ष वेषाचा पहिला गाजलेला प्रयोग रूडी गर्नराइख या अमेरिकेंतील वेषकल्पकानें १९७० सालीं केला. एक तरुण व एक तरुणी यांना त्यानें सारखींच वस्त्रें दिलीं. तोच पायघोळ झगा, तीच विजार, तोच आंखूड घागरा. कल्पना धीट होती. स्त्रियांनीं विजार घालावी हें तोंपर्यंत पुष्कळांनीं म्हटलें होतें. पुरुषानेंहि घागरा घालावा हें म्हणण्याचें धैर्य त्यानें दाखविलें, आणि याबद्दल त्याला श्रेय दिलेंच पाहिजे. परंतु त्या प्रयोगांत एक गोष्ट अशी होती कीं तिनें सर्व रहस्य उघड केलें: त्या दोघांच्याहि डोक्यावरचे आणि अंगावरचे केस भादरलेले होते. दोघेहि तरुण, दोघेहि सडपातळ. वस्त्र दोघांना सारखें दिसावें म्हणून आधीं देहच सारखे करून घ्यावे लागले! स्त्रीपुरुषांतील भिंत त्यानें पाडली खरी, पण तिच्याखालीं देहाचे सर्व भेद गाडून. पंचेचाळीस वर्षांची, तीन बाळंतपणें झालेली स्त्री किंवा पोट सुटलेला कारकून यांना त्या समतेंत जागा कोठें होती?

याच्या अगदीं उलट दिशेनें जाणारी कृति जपानच्या री कावाकुबो या विदुषीची. टोकियोंत १९६९ सालीं तिनें स्थापन केलेल्या संस्थेचें नांवच मुळीं 'कॉम दे गार्सों', म्हणजे 'मुलग्यांसारखें', असें फ्रेंच आहे. १९९७ च्या वसंतऋतूसाठीं तिनें जी वस्त्रें मांडलीं, त्यांत पाठीवर, कुशीवर, नितंबांवर मऊ भरणाचे उंचवटे शिवलेले होते. कोठें कुबड, कोठें वाढलेली कंबर. सुंदर देहाचा जो एकच सांचा डोळ्यांना सरावाचा झालेला आहे, त्याला तिनें हा धक्का दिला. त्याच वर्षीं मर्स कनिंगहॅम या नर्तकाच्या 'सिनॅरिओ' या नृत्यांत स्त्रिया व पुरुष दोघेहि तशींच वस्त्रें लेवून नाचले, आणि उंचवट्यांमुळें कोण स्त्री व कोण पुरुष याचा विचारच मागें पडला. कलाकृति म्हणून आम्ही ती गर्नराइखच्या प्रयोगाहून श्रेष्ठ मानतों. कारण तिनें देह पुसला नाहीं, देहाविषयींच्या आपल्या खात्रीला प्रश्न विचारला. तरीहि एक उणीव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ते उंचवटे भरणाचे होते, आणि तीं वस्त्रें घालून रंगमंचावर चाललेल्या तरुणी सडपातळच होत्या. ज्या स्त्रीच्या पाठीला खरोखरीचें कुबड आहे तिला बसेल असें पोलकें यांतून मिळालें नाहीं. प्रश्न विचारणें हें कलेचें काम असेल. पण अंग झांकणें हें वस्त्राचें काम आहे, आणि तें केल्यावांचून त्याची सुटका नाहीं.

लिंगनिरपेक्षतेच्या नांवाखालीं आणखी एक एकांगीपणा चालतो. फ्लूगेल या मानसशास्त्रज्ञानें १९३० सालीं वस्त्रांच्या मानसशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत त्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील पुरुषांनीं रंग, झालरी, भरतकाम यांचा केलेला त्याग मोठ्या मार्मिकपणें वर्णिला आहे. तेव्हांपासून काळा-करडा, साधा, कामाला सोयीचा असा पुरुषी वेष हाच 'वेष', आणि बाकीचें सर्व नटणें, असा समज पक्का झाला. आपल्याकडे तर हें स्थित्यंतर अगदीं अलीकडचें आहे. पेशवाईंतील पुरुषांचीं जुनीं चित्रें पाहा: कानांत भिकबाळी, गळ्यांत मोत्यांचा कंठा, खांद्यावर जरीचा शेला. त्यांच्या मर्दपणाविषयीं कोणी शंका घेतल्याचें ऐकिवांत नाहीं! परिणामीं आज 'सर्वांचा एकच वेष' म्हटलें कीं मुलींनीं मुलग्यांचा वेष घ्यावयाचा, एवढाच त्याचा अर्थ होतो; मुलग्यांनीं मुलींच्या वेषांतील कांहीं घ्यावें असें कोणी सुचवीत नाहीं. केरळांत कोळिकोड जिल्ह्यांतील बालुशेरी येथील सरकारी शाळेंत डिसेंबर १९२१ च्या बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे डिसेंबर २०२१ मध्यें, अकरावीच्या मुलामुलींना सारखाच गणवेश देण्यांत आला. तो विजार व सदरा हा होता. मुलींना त्यांत धावण्याची, चढण्याची मोकळीक मिळाली, आणि ती मोलाची आहे. ज्यांनीं या गणवेशाला विरोध केला त्यांच्या पक्षाचे आम्ही नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, याला सोयीचा वेष म्हणावें. 'निरपेक्ष' म्हणण्यापूर्वीं थोडें थांबावें.

आणि पुरुषी म्हणून जी विजार स्त्रीला दिली जाते, ती तरी पुरती दिली जाते काय? 'द पुडिंग' या अमेरिकी नियतकालिकानें २०१८ सालीं २० प्रसिद्ध कंपन्यांच्या ८० जीन विजारी फीत लावून मोजल्या. स्त्रियांच्या विजारींचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांहून सरासरीनें शेंकडा ४८ नें आंखूड व शेंकडा ६.५ नें अरुंद निघाले. कापड तेंच, शिवण तीच. पण पैसे, किल्ली, दूरध्वनियंत्र हीं जवळ बाळगण्याचा अधिकार निम्मा. बाह्यतः भिंत पडलेली दिसते, आणि आंत खिशाच्या तळाशीं ती तशीच उभी असते.

येथें आमच्या वाचकांच्या मनांत एक उत्तर केव्हांचें घोळत असेल: आपलें न शिवलेलें वस्त्र. या उत्तरांत पुष्कळ तथ्य आहे. नऊवारी लुगड्याला माप नाहीं. तें काडीसारख्या नव्या सुनेला येतें आणि तिच्या भरल्या अंगाच्या सासूलाहि येतें. गर्भारपणांत तें सैल नेसावें, ताप येऊन अंग झडलें तर चार निऱ्या अधिक घ्याव्या. सकच्छ नेसलेलें लुगडें आणि पुरुषाचें धोतर यांची मूळ रचनाहि एकच. दोहोंतहि वस्त्र कंबरेभोंवतीं वेढून, पायांमधून मागें नेऊन कासोटा खोंवावयाचा असतो. आजीची पैठणी नातीला येते. आजीचें पोलकें येत नाहीं. शिवलेलें आणि न शिवलेलें यांतील सगळा फरक या एका गोष्टींत आहे. अर्थात् न शिवलेल्यालाहि मर्यादा आहेतच. उंच स्त्रीला पन्हा अपुरा पडे आणि घोटे उघडे राहत. पण असें वस्त्र देहाला दोष देत नसे, एवढें खरें.

या वस्त्राला स्त्रीपुरुष हा भेद कळत नाहीं, याचा जो पुरावा महाराष्ट्रानें पाहिला तसा क्वचितच कोणा देशानें पाहिला असेल. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९११ सालीं 'मानापमाना'त भामिनी म्हणून उभे राहिले, आणि पुढें कित्येक वर्षें महाराष्ट्रांतील कुलीन स्त्रिया शालू कसा नेसावा, पदर कसा घ्यावा, अंबाड्यावर वेणी कशी माळावी, हें एका पुरुषाकडे पाहून शिकल्या. ते पुढें वयानें व अंगानें भरले, तरी नेसण्याचा डौल ढळला नाहीं. कारण तें वस्त्रच असें होतें कीं देह बदलला तर त्यानें बदलावें. मात्र या गोष्टीनें हुरळून जाण्याचेंहि कारण नाहीं. ही मुभा रंगभूमीच्या पडद्यापुरती होती. रस्त्यावर तोच शालू एखाद्या पुरुषानें नेसला असता, तर टाळ्यांच्या जागीं दगड आले असते. आणि ज्या स्त्रियांनीं त्यांचें अनुकरण केलें, त्यांना स्वतः त्या मंचावर चढणें त्या काळीं अप्रतिष्ठेचें होतें.

म्हणूनच केवळ जुन्या वस्त्राचा जयघोष करणाऱ्यांना आम्ही दोन गोष्टींची आठवण देऊं. न शिवलेल्या कापडाला माप नव्हतें, पण नेसणाराला माप लावलेलें होतें. त्रावणकोर संस्थानांत नाडार स्त्रियांना ऊर्ध्वांग झांकण्यासाठीं कित्येक वर्षें झगडावें लागलें. १८५९ सालीं महाराजांनीं जाहीरनामा काढून परवानगी दिली, ती देखील वरिष्ठ जातींच्या स्त्रियांप्रमाणें वस्त्र घ्यावयाचें नाहीं, या अटीवर. आणि आपल्या महाराष्ट्रांत डिसेंबर १९२७ मध्यें महाड येथें जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांना डॉ. आंबेडकर यांनीं जो उपदेश केला, त्यांत लुगडें नेसण्याची रीत हा मुद्दा होता. ज्या नेसणीवरून लांबूनच जात ओळखूं येते ती नेसण सोडा, वरिष्ठ म्हणविणाऱ्या स्त्रियांप्रमाणें नीट, पुरतें लुगडें नेसा, असें त्यांनीं सांगितलें. कापड तेंच होतें. तें गुडघ्यापर्यंत न्यावयाचें कीं घोट्यापर्यंत, यांत माणुसकीचा सगळा हिशेब भरलेला होता. तेव्हां कापड उदार असलें म्हणजे समाज उदार होतो, हा भ्रम कोणी बाळगूं नये. वस्त्राच्या मोकळेपणाचा निर्णय नेसणाराच्या हातीं असावा लागतो. तो शेजाऱ्याच्या डोळ्यांत असेल तर बारा वार कापडहि तोकडेंच पडतें.

मग खरी कसोटी कोणती? आमच्या भाषेंतील शिंप्याच्याच एका शब्दांत ती आम्हांस सांपडते. कापड बेततांना शिवणीच्या आंत जो जास्तीचा पदर ठेवतात, त्याला शिंपी 'माया' म्हणतात. आज हें अंग असें आहे, उद्यां तें बदलेल, तेव्हां उसवून सैल करतां यावें म्हणून ही तजवीज. आईच्या ममतेला आणि शिवणींतल्या या दोन बोटांना मराठीनें एकच शब्द दिला, हा योगायोग असेल. पण मोठा अर्थपूर्ण योगायोग आहे. 'वाढत्या अंगाचा' कपडा शिवण्याची आपल्या घरांतील रीत याच वृत्तींतून आली. मुलीच्या परकराला खालीं दोनतीन दुमडी घालीत, आणि ती उंच होत गेली कीं एकेक दुमड उसवीत. लेंग्याच्या नेफ्यांतील नाडी, बाराबंदीचे बंद, पुढें गांठ मारावयाची चोळी, या सगळ्यांत शेवटचें माप घालणाराच्या बोटांनीं ठरतें. बटण आणि काज यांनीं तो अधिकार काढून घेतला. काज एकदां पडलें कीं पोटानें तेथेंच थांबलें पाहिजे!

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच होऊन जातो. सर्वसमावेशक वस्त्र म्हणजे अवाढव्य वस्त्र नव्हे, आणि लिंगनिरपेक्ष वस्त्र म्हणजे रंगहीन, आकारहीन गोणपाट नव्हे. ज्यांत घालणाराला स्वतःचें माप स्वतः घेण्याला जागा ठेविली आहे, ज्याच्या शिवणींत माया आहे, ज्याचे खिसे कोणाच्याहि हाताला पुरतात, ज्याचा खांदा खांद्यासाठीं व पोट पोटासाठीं निराळें बेतलेलें आहे, तें वस्त्र स्त्रीनें घातलें काय आणि पुरुषानें घातलें काय, दोघांनाहि शोभेल. त्यावर फुलें असलीं तरी चालतील. उलट असावींत असेंच आम्ही म्हणूं.

यावर कारखानदारांचा आक्षेप असा कीं, माया ठेवावयाची तर कापड अधिक लागतें. आकार वाढविले तर प्रत्येकाचा निराळा बेत करावा लागतो आणि न खपलेला माल पडून राहतो. हा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाहीं. तयार कपड्यांनीं गरिबाला स्वस्त व स्वच्छ वस्त्र दिलें, ही त्यांची थोर कामगिरी आहे. आणि गल्लींतला शिंपी प्रत्येकाचें माप घेई म्हणून प्रत्येकाला सुखानें बसेल असेंच शिवी, असाहि कोणाचा अनुभव नसावा. पण हिशेबाची दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. आजचें ओव्हरलॉक यंत्र शिवणीबाहेरचें कापड कापून टाकीत कड गुंफीत जातें. त्यामुळें कपडा तंग झाला कीं तो उसवून वाढविण्याची सोयच उरत नाहीं, आणि चांगलें, न विरलेलें कापड टाकून द्यावें लागतें. चार बोटें कापड वाचविण्यासाठीं सबंध कपडा वाया घालविणें ही काटकसर कोणत्या अर्थशास्त्रांत बसते, हें आम्हांस कळत नाहीं.

मापें घेऊंच नयेत, असें आम्ही सुचवीत आहों असा कोणी ग्रह करून घेऊं नये. आपल्या देशांत आजवर तयार कपडे बहुधा परदेशी मापांत थोडी काटछाट करून बेतले गेले. तो पांगळेपणा घालविण्यासाठीं राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनें देशांतील सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्रीपुरुषांचीं मापें यंत्राच्या साहाय्यानें घेण्याची योजना आंखली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र अमेरिकेच्या उदाहरणापासून शिकावयाचें तें येथें शिकलें पाहिजे. त्या मोजणींत ज्यांना वगळलें, त्यांना पुढें बाजारानेंहि वगळलें. शहरांबाहेर शेतांत राबणारा देह, उतारवयांत वांकलेला देह, आणि स्त्री व पुरुष या दोन रकान्यांत न बसणारा देह, यांना या वहींत जागा मिळते कीं नाहीं, यावर तिची किंमत ठरेल. सर्वोच्च न्यायालयानें १५ एप्रिल २०१४ च्या निकालांत तृतीयपंथी व्यक्तींना मान्यता देतांना, वेष हा मनुष्याच्या लिंगभावाचा आविष्कार असून तो अभिव्यक्तिस्वातंत्र्यांत मोडतो, असें म्हटलेलें आहे. कायद्यानें ज्याला व्यक्ति म्हणून ओळखलें, त्याला बाजारानें गिऱ्हाईक म्हणूनहि ओळखूं नये, ही विसंगति फार काळ टिकूं देतां कामा नये.

शेवटीं, वेषकल्पकांच्या आणि कारखानदारांच्या हातीं नसलेला असा या प्रश्नाचा एक भाग आहे, आणि तो आमच्या वाचकांच्या हातीं आहे. मुलगी विजार घालून पाहते तेव्हां 'जरा बारीक हो, मग बसेल' असें म्हणण्याच्या आधीं विजार उलटी करून तिची शिवण पाहावी. मुलाच्या हातांतला फुलांचा सदरा परत ठेवण्याच्या आधीं आपल्याच पणजोबांच्या कानांतली भिकबाळी आठवावी. कापड कमी पडलें तर तें कापड कमी पडलें असें म्हणावें. अंग जास्त झालें असें म्हणूं नये. कारखान्यांतील शिवणींत माया यावयाला कदाचित् आणखी कांहीं वर्षें लागतील. घरांतल्या बोलण्यांत ती आजपासून ठेवतां येण्याजोगी आहे, आणि तिला एक वीतभरहि कापड लागत नाहीं.